समीकरणातले लिटर

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाज ऑटोची ‘फ्रीडम १२५’ लोकांसमोर आली. सीएनजीवर धावणारी जगातली पहिली मोटरसायकल अशी तिची ओळख करून देण्यात आली. तिच्या सीटखाली दोन किलो सीएनजी मावणारी टाकी आहे आणि जोडीला दोन लिटर पेट्रोलची छोटी टाकी. चर्चा झाली ती किलोमागे गाडी किती पळते याची आणि टाकी सुरक्षित आहे का याची. पण या दोन किलो वायूबद्दलचा सर्वांत थक्क करणारा आकडा वेगळाच आहे. ते दोन किलो संपेपर्यंत ही गाडी तीस हजार लिटरहून जास्त हवा ओढून घेते. दहा बाय अकरा फुटांची, दहा फूट उंच छताची खोली डोळ्यांसमोर आणा. त्या खोलीत जेवढी हवा मावते, साधारण तेवढी. आणि त्या हवेतला ऑक्सिजन जवळजवळ सगळा कामी येतो.

हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. दहावीच्या विज्ञानात शिकवतात तसं एक संतुलित समीकरण लागतं आणि थोडा गुणाकार. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात रोज जो इंधनवायू जळतो, मग तो बसच्या इंजिनात असो, गिअर कडक करणाऱ्या भट्टीत असो, गाड्यांचा रंग भाजणाऱ्या ओव्हनमध्ये असो किंवा स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असो, त्या सगळ्याचा हिशोब अशाच एका ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ वाचायला शिकलं की या पट्ट्यातली यंत्रं वेगळीच दिसू लागतात.

एक ओळ, तीन वाचनं

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. इतर वायू त्यात थोडे असतात, पण हिशोबासाठी तो शुद्ध मिथेन धरू. मिथेनच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. तो पूर्ण जळतो तेव्हा कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. ज्वलनात अणू नवा निर्माण होत नाही आणि नाहीसाही होत नाही, फक्त जोडीदार बदलतो. म्हणून दोन्ही बाजूंचे अणू मोजून जुळवले की समीकरण असं येतं:

१ मिथेन + २ ऑक्सिजन → १ कार्बन डायऑक्साइड + २ पाणी

ही ओळ तीन प्रकारे वाचता येते. पहिलं वाचन रेणूंचं: मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. दुसरं वाचन मोलचं. मोल म्हणजे रेणूंची ठरलेली प्रचंड संख्या, सहावर तेवीस शून्यांएवढी. मिथेनचा एक मोल १६ ग्रॅम भरतो, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅम. तिसरं वाचन सर्वांत विलक्षण आहे. एक लिटर मिथेन जाळायला दोन लिटर ऑक्सिजन लागतो आणि त्यातून एक लिटर कार्बन डायऑक्साइड व दोन लिटर वाफ तयार होते. समीकरणातले १, २, १, २ हे आकडे जसेच्या तसे लिटर म्हणून वाचता येतात. अट एवढीच की सगळे वायू एकाच तापमानाला आणि एकाच दाबाला मोजलेले हवेत, आणि पाणी वाफेच्या रूपात हवं.

हे इतकं सोपं का असावं? लिटरभर पाणी आणि लिटरभर तेल यांत रेणूंची संख्या सारखी नसते. लिटरभर लोखंड आणि लिटरभर लाकूड यांतही नसते. मग वायूंनाच ही शिस्त कुठून आली?

नळीत दिसलेला अणू

१८०५ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ लुई गे-लुसाक आणि अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या दोघांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग काळजीपूर्वक मोजला. ऑक्सिजनच्या एका मापाला हायड्रोजनची दोन मापं लागली. ना पावणेदोन, ना सव्वादोन. गे-लुसाकनं मग इतर वायू तपासले आणि १८०८ च्या अखेरीस नियम मांडला: वायू एकमेकांशी संयोग पावतात ते साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात. याच गे-लुसाकनं १८०४ मध्ये फुग्यातून सुमारे सात हजार मीटर उंची गाठली होती आणि तिथली हवा बाटलीत भरून आणली होती. त्या विरळ हवेतही ऑक्सिजनचा वाटा जमिनीवरच्या हवेइतकाच भरला.

१८११ मध्ये इटलीतल्या आमेदेओ आव्होगाद्रोनं या पूर्णांकांमागचं कारण सांगितलं. तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. पण इथे एक पेच होता. हायड्रोजनची दोन मापं आणि ऑक्सिजनचं एक माप मिळून वाफेची दोन मापं होतात. म्हणजे ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण झाले. ऑक्सिजनचा कण अखंड असेल तर हे शक्यच नाही. आव्होगाद्रो म्हणाला, तो अखंड नाहीच. ऑक्सिजनचा रेणू दोन भागांचा आहे आणि संयोग होताना तो दुभंगतो. काचेच्या नळीतल्या खुणा वाचून, अणू कधीही न पाहता, ऑक्सिजनचे अणू जोडीनं राहतात हे माणसाला कळलं ते असं.

अणुसिद्धांत मांडणाऱ्या जॉन डाल्टनला हे पटलं नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू परस्परांना धरून राहतील ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. आव्होगाद्रोचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला पडून राहिलं. १८५६ मध्ये तो वारला. त्यानंतर चार वर्षांनी, १८६० मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत स्तानिस्लाओ कान्नित्सारोनं त्याचा विचार पुन्हा मांडला, आणि अणुभारांचा अनेक वर्षांचा गोंधळ निवळू लागला.

आज या नियमाचं कारण नीट सांगता येतं. वायू म्हणजे बहुतांश रिकामी जागा. शून्य अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा दाब असेल तेव्हा दोन शेजारी रेणूंमधलं अंतर रेणूच्या व्यासाच्या सुमारे नऊपट असतं. रेणू बुंदीच्या लाडवाएवढा मानला, तर शेजारचा लाडू सव्वा हात लांब. एवढ्या मोकळ्या जागेत रेणू लहान की मोठा यानं आकारमानात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. वजनाचंही तसंच. सारख्या तापमानाला हलका रेणू वेगानं पळतो, जड रेणू सावकाश, आणि दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच राहते. त्यामुळे दाब ठरतो तो संख्येवरून. वायू मोजणं म्हणजे रेणू मोजणं. एका लिटरमध्ये त्या परिस्थितीत सुमारे सत्तावीसवर एकवीस शून्यं इतके रेणू असतात, आणि साध्या मोजपात्रानं ते आपण मोजू शकतो.

दोन किलोंचा हिशोब

आता फ्रीडमच्या टाकीकडे येऊ. दोन किलो म्हणजे २,००० ग्रॅम. त्याला १६ नं भागलं की १२५ मोल. समीकरण सांगतं, ऑक्सिजन दुप्पट, म्हणजे २५० मोल. तयार होणार १२५ मोल कार्बन डायऑक्साइड आणि २५० मोल पाणी. ग्रॅममध्ये मांडलं तर दोन किलो मिथेनला आठ किलो ऑक्सिजन, आणि बाहेर पडणार साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड व साडेचार किलो पाणी. आत दहा किलो, बाहेर दहा किलो.

यातलं पाणी बघा. दोन किलो कोरडा वायू जाळून साडेचार लिटर पाणी! वायूच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. थंडीत पहाटे पीएमपीएमएल या शहर बससेवेची सीएनजी बस डेपोतून निघते तेव्हा मागे पांढरा लोट दिसतो, तो मुख्यतः याच पाण्याचा. त्यातला हायड्रोजन गॅसमधून आला आणि ऑक्सिजन हवेतून.

आता लिटर. पुस्तकात एका मोलला २२.४ लिटर शिकवतात. ते शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून. पिंपरी-चिंचवड आणि चाकण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, आणि तापमान २७ अंश धरलं तर वायू आणखी पसरतो. चाकणमध्ये एक मोल वायू साडेसव्वीस लिटरच्या आसपास जागा घेतो. म्हणजे १२५ मोल मिथेन सुमारे ३,३०० लिटर आणि त्याला लागणारा ऑक्सिजन ६,६०० लिटर. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के. म्हणून ऑक्सिजनच्या एका लिटरसाठी ४.७६ लिटर हवा घ्यावी लागते. गुणाकार केला की साडेएकतीस हजार लिटर. तीच सुरुवातीची खोली.

मुंबईत हेच गणित केलं तर लिटर कमी भरतील, महाबळेश्वरात जास्त. पण एकास दोन हे प्रमाण कुठेही हलणार नाही. मिथेन जेवढा पसरतो तेवढाच ऑक्सिजनही पसरतो.

टाकीच्या आत मात्र नियम ढिला पडतो, आणि तेही पाहण्यासारखं आहे. सीएनजी २०० बारच्या आसपासच्या दाबानं भरतात. आव्होगाद्रोच्या हिशोबानं १२५ मोलना तिथे साडेपंधरा लिटर जागा हवी. प्रत्यक्षात हा वायू तेरा लिटरच्या आसपास मावतो. एवढ्या दाबाला रेणूंमधलं अंतर व्यासाच्या दीडपटीवर आलेलं असतं. रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि वायू अपेक्षेपेक्षा जास्त आक्रसतो. रिकामी जागा संपत आली की शिस्त मोडते. म्हणजे ती शिस्त रिकाम्या जागेचीच होती.

चढावर गाडी ओढत का नाही

पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी गाडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. सपाट रस्त्यावर गॅस छान, पण घाट लागला की पिकअप कमी वाटतो आणि बटण पेट्रोलवर टाकावंसं वाटतं. यामागे इतरही कारणं आहेत, पण मोठं कारण समीकरणात आहे.

इंजिनाच्या सिलिंडरची जागा ठरलेली. फ्रीडमच्या इंजिनात ती १२५ घनसेंटिमीटरच्या आत-बाहेर. तेवढ्याच जागेत दर खेपेला हवा आणि इंधन दोन्ही यायला हवं. मिथेनच्या एका मापाला ऑक्सिजनची दोन मापं, म्हणजे हवेची साडेनऊ मापं. एकूण साडेदहापैकी एक माप वायूचं. सिलिंडरची साडेनऊ टक्के जागा इंधनानंच अडवली.

पेट्रोलचं बघू. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. नमुना म्हणून ऑक्टेन घेतलं, तर त्याच्या एका रेणूला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात, म्हणजे वाफेच्या एका मापाला हवेची जवळजवळ साठ मापं. पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये दोन टक्केही जागा घेत नाही. परिणाम असा की सीएनजीवर त्याच सिलिंडरमध्ये सुमारे आठ टक्के कमी हवा शिरते. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन कमी म्हणजे त्या स्ट्रोकमधली उष्णता कमी. आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांत इंजिनाची रचना करणारे अभियंते या आठ टक्क्यांशी झगडतात. कॉम्प्रेशन वाढवणं, वायू थेट सिलिंडरमध्ये सोडणं, असे उपाय शोधले जातात. त्यांच्या झगड्याची सुरुवात एकास दोन आणि एकास साडेबारा या दोन आकड्यांतून होते.

शेगडीचं जेट आणि थॉर्नटनचा नियम

गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून २००६ मध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन केली, आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत पाइपनं गॅस येऊ लागला. सिलिंडर जाऊन पाइपगॅस आला की घरी एक माणूस येतो आणि शेगडीचं जेट बदलतो किंवा त्याचं भोक मोठं करतो. शेगडी तीच, बर्नर तोच, मग जेट का बदलायचं?

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेनचं समीकरण असं:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

म्हणजे एका लिटर ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन, सुमारे एकतीस लिटर हवा. मिथेनला फक्त साडेनऊ लिटर हवा. ब्युटेनचा रेणू मोठा, त्यात जाळायला कार्बन आणि हायड्रोजन जास्त, म्हणून लिटरमागे उष्णताही जास्त. मिथेननं तेवढीच आच हवी असेल तर तो तिपटीहून जास्त लिटर सोडावा लागतो. म्हणून भोक मोठं.

इथेच एक सुंदर योगायोगासारखी वाटणारी गोष्ट आहे. ब्युटेनला लागणारा ऑक्सिजन मिथेनच्या सव्वातीनपट. आणि ब्युटेनची उष्णता? मिथेनचा एक मोल पूर्ण जळला तर सुमारे ८९० किलोज्यूल मिळतात, ब्युटेनचा एक मोल सुमारे २,८८० किलोज्यूल. हेही जवळजवळ सव्वातीनपट! भागून बघा. ऑक्सिजनच्या दर मोलमागे मिथेनचे ४४५ किलोज्यूल, प्रोपेनचे ४४४, ब्युटेनचे ४४३, ऑक्टेनचे ४३८. इंधन कोणतंही घ्या, ऑक्सिजन तेवढाच खर्ची पडला तर उष्णता जवळजवळ तेवढीच मिळते. १९१७ मध्ये इंग्लंडच्या थॉर्नटननं हे दाखवून दिलं. आगीच्या संशोधनात आजही याचा उपयोग होतो. जळणाऱ्या सोफ्यात किंवा केबलमध्ये नेमकं कोणतं रसायन आहे हे ठाऊक नसतानाही, धुरात ऑक्सिजन किती घटला हे मोजून आगीची उष्णता काढता येते. शुद्ध हायड्रोजन या नियमात बसत नाही. त्याच्या बाबतीत ऑक्सिजनच्या दर मोलमागे ५७२ किलोज्यूल मिळतात.

आपण म्हणतो की गॅस उष्णता देतो. हिशोब मात्र सांगतो की उष्णतेचं माप ऑक्सिजनच्या लिटरमध्ये घेता येतं. इंधनाचे आपण पैसे मोजतो आणि हवा फुकट मिळते, म्हणून तिचा वाटा लक्षात येत नाही.

मुद्दाम अर्धवट जाळलेला वायू

भट्ट्यांमध्ये हवेचं माप पैशांत दिसतं. बरोबर साडेनऊ मापं हवा दिली तर कागदावर मिथेन पूर्ण जळतो. पण वायू आणि हवा शंभर टक्के नीट मिसळत नाहीत, म्हणून थोडी जास्त हवा द्यावी लागते. दहा टक्के जास्त दिली तर काय होईल? ऑक्सिजनच्या २.२ मापांपैकी दोन वापरली जातील आणि ०.२ उरेल. त्यात कार्बन डायऑक्साइडचं एक माप आणि नायट्रोजनची सव्वाआठच्या आसपास मापं. वाफ वगळून टक्केवारी काढली तर चिमणीतल्या धुरात ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या किंचित वर येतो. भट्टीवरचा माणूस ब्लोअरचा डँपर फिरवताना ऑक्सिजन मीटरवर हाच आकडा बघत असतो. चार टक्के दिसले की समजायचं, हवा सुमारे वीस टक्के जास्त जातेय आणि ती फुकटची हवा तापवण्यात गॅस वाया जातोय. शून्य दिसलं तर त्याहून वाईट, कारण मग गॅस अर्धवट जळतोय.

पण अर्धवट जाळणं हीसुद्धा एक विद्या आहे. वाहनांचे गिअर वरून कडक आणि आतून चिवट लागतात. त्यासाठी ते तापवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात. याला कार्बुरायझिंग म्हणतात, आणि हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यांतलं हे नेहमीचं काम. या भट्टीत हवा चालत नाही, नाहीतर लोखंडाला पापुद्रे धरतील. तिथे एंडोगॅस नावाचा खास वायू लागतो. तो बनवताना मिथेनला मुद्दाम उपाशी ठेवतात. हजार अंशांच्या वर तापलेल्या निकेलच्या उत्प्रेरकावरून त्याला नेतात आणि ऑक्सिजन गरजेच्या फक्त चौथा हिस्सा देतात:

२ मिथेन + १ ऑक्सिजन → २ कार्बन मोनॉक्साइड + ४ हायड्रोजन

आता लिटर वाचा. मिथेनच्या दोन मापांना ऑक्सिजनचं एक, आणि हवेतून त्याच्यासोबत आलेली नायट्रोजनची ३.७६ मापं. बाहेर कार्बन मोनॉक्साइडची दोन, हायड्रोजनची चार आणि नायट्रोजनची ३.७६. एकूण ९.७६. टक्केवारी काढा: साधारण २०, ४० आणि ४०. हीट ट्रीटमेंटच्या क्षेत्रात एंडोगॅसचं प्रमाण असंच सांगतात, वीस-चाळीस-चाळीस. अनेकांना हा आकडा पाठ असतो, पण तो मूळचा समीकरणातल्या सहगुणकांचा आहे. मिथेनऐवजी प्रोपेन वापरला की हाच हिशोब सुमारे २४, ३१ आणि ४५ देतो, आणि प्रोपेनच्या जनरेटरमधून निघणारा वायू तसाच असतो.

धुरातून मोजलेलं मायलेज

नवी गाडी घेताना ‘एआरएआयचं मायलेज’ सगळे विचारतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्य केंद्र पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे आणि एक केंद्र चाकणलाही आहे. वाहन तपासणीत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगांनी चालवतात. पेट्रोल किती संपलं हे कळायला टाकीत पट्टी घालत नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा सगळा वायू गोळा करून हवेनं पातळ करतात, त्याचा ठरावीक हिस्सा पिशव्यांत भरतात आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात.

पेट्रोलमधला कार्बन या तिन्हींपैकी कशात तरी असणारच. तो हरवत नाही. धुरातल्या कार्बनची बेरीज केली की किती पेट्रोल जळलं ते उलट दिशेनं काढता येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मोलमध्ये ५२ च्या आसपास, आणि चाकणच्या हवेत तेराशे-चौदाशे लिटर. गाडीनं किलोमीटरला १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडला, तर तिचं मायलेज लिटरला एकोणीस किलोमीटर. समीकरण इथे उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, तेही तेवढ्याच खात्रीनं.

हवा संपते तेव्हा

आतापर्यंतच्या हिशोबात हवा हवी तेवढी होती. पण हवेचं माप मर्यादित असेल तर तीच गणितं जिवावर बेततात, आणि प्रत्येक घरानं हा हिशोब करायला हवा. गॅस गीझरच्या दुर्घटना महाराष्ट्रात दर हिवाळ्यात कानावर येतात.

साडेसहा फूट बाय पाच फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात सुमारे ७,३०० लिटर हवा, म्हणजे १,५०० लिटरच्या आसपास ऑक्सिजन. मिनिटाला सहा लिटर पाणी चांगलं गरम करणारा गीझर मिनिटाला साधारण १५ ग्रॅम एलपीजी जाळतो. ब्युटेन धरलं तर पाव मोलाहून थोडं जास्त. साडेसहानं गुणलं की ऑक्सिजनचे १.७ मोल, म्हणजे मिनिटाला सुमारे ४४ लिटर. दार-खिडकी बंद ठेवून दहा मिनिटं आंघोळ केली तर ४४० लिटर ऑक्सिजन गेला. एकवीस टक्क्यांवरून तो पंधरा टक्क्यांच्या घरात आला. फटींतून थोडी हवा येते, पण दहा मिनिटांत ती पुरी पडेल याची हमी नाही.

ऑक्सिजन घटला की ज्योत दुसऱ्या समीकरणाकडे वळते:

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

तेराच्या जागी नऊ. ऑक्सिजन कमी मिळाला म्हणून गॅस थांबत नाही, तो वेगळं काहीतरी तयार करतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. हवेत हजारात एक भाग एवढा झाला तरी तास-दोन तासांत जीव जाऊ शकतो, आणि त्याच्या कितीतरी आधी भोवळ येऊन माणूस दारापर्यंत पोहोचत नाही. आपल्या बाथरूममध्ये हजारात एक म्हणजे सव्वासात लिटर. समीकरणानुसार एक लिटर ब्युटेनमधून चार लिटर कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. तेव्हा सव्वासात लिटरला दोन लिटरहून कमी ब्युटेन पुरे, वजनात चार ग्रॅम. दहा मिनिटांत जळलेल्या दीडशे ग्रॅमपैकी फक्त चार ग्रॅम चुकीच्या वाटेनं गेले तरी मर्यादा ओलांडली.

भट्टीवरच्या माणसाकडे ऑक्सिजन मीटर असतं, एआरएआयकडे वायू तपासणारी यंत्रं असतात. बाथरूममध्ये यांतलं काही नसतं. तिथे फक्त हा हिशोब असतो आणि तो आधीच करून ठेवावा लागतो. उत्तर स्वच्छ आहे: गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, खेळत्या हवेत लावायचा, पाणी पाइपनं आत न्यायचं आणि जळलेला वायू थेट बाहेर सोडायचा.

संतुलित समीकरण जुळवण्याचे दोन-तीन गुण मिळवून दहावीची मुलं पुढे जातात. त्यांच्या हाती त्या दिवशी केवढं मोठं साधन येतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. हाच एकास दोनचा हिशोब करून चाकणमध्ये इंजिनं बनतात, शेगडीची जेट बदलली जातात आणि गाड्यांचं मायलेज ठरतं. घरी मोजपट्टी घेऊन बाथरूमची लांबी, रुंदी आणि उंची मोजा, घनफळाचे एकवीस टक्के काढा, गीझरच्या पाटीवरचा गॅसचा खप बघा आणि तो ऑक्सिजन किती मिनिटं पुरेल ते वहीत लिहा. मग ती वही घरातल्या सगळ्यांना दाखवा.